पावसाळा संपला की ब्रेक पुन्हा चिकटतो? आधी ग्रीसचा डबा तपासा

तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. पुढचं एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापतं. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडला की गाडी लगेच मंदावते, ॲव्हरेज पडतं आणि काही दिवसांनी त्या चाकातून बारीक कुईं-कुईं सुरू होते. गॅरेजमध्ये कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, खोलून साफ होतो, ‘ग्रीसिंग केलंय’ असं सांगून गाडी परत मिळते आणि ती खरोखरच मोकळी झालेली असते. मग दोन-तीन महिने जातात, मध्ये एखादा पावसाळा येतो आणि चाक पुन्हा तापायला लागतं. दुसऱ्या फेरीला पॅड बदलले जातात, तिसऱ्या फेरीला डिस्क घासली जाते आणि चौथ्या फेरीला ‘कॅलिपरच गेलाय’ हे निदान ठरलेलं.

कॅलिपर जातातही. पण सर्व्हिसनंतर बरा होऊन ठरावीक काळाने परत येणारा चिकटपणा हा बहुतेक वेळा आत घातलेल्या ग्रीसचा प्रताप असतो. आपल्याकडच्या पुष्कळ गॅरेजांत कोपऱ्यात एक मोठा डबा असतो, ‘एपी ३’ किंवा ‘एमपी ३’ लिहिलेला. हबच्या बेअरिंगपासून दाराच्या बिजागरीपर्यंत आणि तिथून कॅलिपरच्या पिनेपर्यंत त्याच डब्यात बोटं बुडतात. डबा वाईट नाही. लिथियमचं बहुपयोगी ग्रीस आहे ते, बेअरिंगला चांगलंच. ब्रेकच्या रबराशी मात्र त्याचं हाडवैर आहे.

आधी हा तोच रोग आहे का ते बघा

घाट उतरून आल्या-आल्या तपासायला जाऊ नका, तेव्हा सगळीच चाकं तापलेली असतात. सपाट रस्त्यावर पाच-दहा किलोमीटर, ब्रेक जमेल तितका कमी लावत चालवा. थांबल्यावर हाताची मागची बाजू रिमजवळ न्या, टेकवू नका. डाव्या-उजव्यात चटकन जाणवण्याइतका फरक असेल तर गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर उचलून खाली स्टँड द्या, गिअर न्यूट्रलला टाका आणि चाक हाताने फिरवा. पॅड डिस्कला किंचित लागतच असतो, त्यामुळे हलकी खसखस चालेल. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला तर नाही.

चाक जड असेल तर कॅलिपरच्या ब्लीड निपलला (ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या तोटीला) पातळ नळी लावून निपल थोडा सैल करा. थोडं ब्रेक ऑइल उडून चाक झटकन मोकळं झालं, तर लाईनमध्ये दाब अडकून राहतोय. कॅलिपरला ऑइल आणणारा रबरी होज पाईप आतून सुजून बंद होत आलाय किंवा पेडलखालच्या मास्टर सिलिंडरकडे ऑइल परत जात नाही. तिथे ग्रीसचा काही संबंध नाही आणि कितीही ग्रीसिंग केलं तरी दुखणं जाणार नाही. निपल सोडूनही चाक जडच राहिलं, तर अडचण पिस्टनमध्ये, पॅडच्या बैठकीत किंवा सरकत्या पिनांमध्ये आहे. निपल घट्ट करा, ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी भरा, आणि पेडल मऊ लागलं तर ब्लीडिंग करून लाईनमधली हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नका.

आता पॅड बाहेर काढून शेजारी-शेजारी ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड ढकलतो आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना अडकल्या की कॅलिपर सरकत नाही, आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच लवकर संपतो किंवा पॅड एका टोकाला पाचरीसारखा तिरका झिजतो. दोन्ही पॅड सारखेच, पण दुसऱ्या चाकाच्या मानाने झपाट्याने गेले असतील तर संशय पिस्टनवर घ्या. पॅडचे कान, म्हणजे दोन्ही टोकांचे बाहेर आलेले भाग, क्लिपमध्ये गंजाने आवळले गेले असतील तर पॅड काढतानाच हातोडी लागते, ते वेगळं सांगायला नको.

मागच्या ड्रमचं एक दुखणं ह्यात मोजू नका. भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी राहिली की लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. त्यावर उपाय ग्रीस नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा आणि हँडब्रेक मोकळा सोडायचा, बस्स.

पिन बाहेर काढल्यावर काय दिसतं

पुष्कळ कॅलिपरमध्ये दोन पिना दिसायला सारख्या वाटल्या तरी सारख्या नसतात. एक सरळ गुळगुळीत असते, दुसरीच्या टोकाला रबराचा छोटा बुश बसवलेला असतो, खडखड होऊ नये म्हणून. अडकते ती बहुधा ही दुसरी. पीळ देऊन ओढावी लागते, आणि बाहेर आली की रबर बघा: फुगलेलं, बोटाला मऊ लागणारं, कडेला वळी पडलेलं. नवीन बुश शेजारी धरला तर जाडीतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. ज्या भोकात हा बुश सैलसर सरकायचा तिथे तो आता बुचासारखा बसलाय. पिनेवरच्या रबरी बुटाचीही तीच गत. त्याची कड सुजून खाचेतून बाहेर आलेली, तिथून पावसाचं पाणी आत गेलेलं आणि पिनेवर तांबूस कडी उमटलेली.

कारण रसायनाचं आहे. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं, म्हणून ब्रेकमधले सील, बूट आणि बुश त्याला टिकणाऱ्या ईपीडीएम रबराचे करतात. हे रबर ग्लायकॉलला, पाण्याला, उन्हाला दाद देत नाही; खनिज तेल मात्र शोषून घेतं आणि फुगतं. साध्या ग्रीसमधला मोठा भाग खनिज तेलाचाच असतो. आणि म्हणूनच सर्व्हिसनंतर काही आठवडे सगळं झकास चालतं. रबराला तेल पिऊन फुगायला तेवढा वेळ लागतो. मिस्त्री खोटं बोलत नसतो. त्याच्याकडून गाडी निघते तेव्हा ती मोकळीच असते.

ह्यातली अर्धी गोष्ट कोणी सांगत नाही. पार्ट धुवायला गॅरेजमध्ये जे डिझेल, पेट्रोल नाहीतर रॉकेल वापरतात, तेही खनिजच. ट्रेमध्ये डिझेल ओतून कॅलिपरचे रबर त्यात भिजत टाकले, तर पुढे कितीही महागाचं ग्रीस लावा, नुकसान आधीच झालेलं असतं. लोखंडाचे भाग ब्रेक क्लीनरने साफ करा. रबराला स्वच्छ कपडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ताजं ब्रेक ऑइल. आणखी एक: पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल फवारून घ्यायची पद्धत किनारपट्टीला अजून आहे. पाट्यांना आणि चासीच्या लोखंडाला ते गंजापासून वाचवत असेलही, पण फवारा होजवर, कॅलिपरच्या बुटांवर आणि सस्पेंशनच्या बुशांवरही बसतो. करायचंच असेल तर चाकांच्या आतली बाजू झाकून करून घ्या.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघता येतं. कॅलिपरचा जुना पण न सुजलेला बूट कापून त्याचे दोन तुकडे करा. एक गॅरेजच्या डब्यातल्या ग्रीसमध्ये आणि दुसरा कॅलिपरच्या ग्रीसमध्ये बुडवून आठवडाभर उन्हाच्या जागी ठेवा, पुसून एकमेकांवर ठेवून बघा.

मग पिनेला लावायचं काय

सिलिकॉनचं किंवा खास कॅलिपर पिनेसाठी बनवलेलं सिंथेटिक ग्रीस. पाकिटावर ‘ईपीडीएमला सुरक्षित’ किंवा ‘ब्रेकच्या रबराला चालेल’ अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं असलंच पाहिजे. नुसतं ‘हाय टेम्परेचर’ पुरत नाही. तांब्याची पेस्ट पिनेला लावू नका. ती तापमान भरपूर सोसते हे खरं, पण ती सरकत्या भोकासाठी नाहीच. तेल उडून गेलं की मागे कोरडी भुकटी उरते, आणि तिच्यातलं तेल बहुधा खनिजच असतं. लाल रबर ग्रीस मिळतं, ते पिस्टनचा सील आणि डस्ट बूट जुळवताना बोटाने पुसटसं लावायला.

फुगलेले रबर परत वापरू नका, पिनांचे बूट आणि बुश नवे घ्या. कॅलिपरचं रबर किट फारसं महाग नसतं. भोक बारीक नायलॉनच्या ब्रशने साफ करा, त्यात जुनं ग्रीस राहिलं तर नव्याचा पैसा पाण्यात. पिनेवर पातळ थर द्या. इथे हात सैल सोडण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि तो नडतो. भोक एका टोकाला बंद असतं, त्यामुळे जास्तीचं ग्रीस आणि हवा मागे कोंडली जाते, दाबलेली पिन हळूच परत बाहेर येते आणि पॅड डिस्कला टेकून राहतो. म्हणजे योग्य ग्रीस घालूनही तेच दुखणं. पिन पूर्ण आत दाबा, बुटाची कड बोटाने जरा उचलून हवा निघू द्या, मग कड खाचेत नीट बसवा. दाबून सोडलेली पिन जागीच राहिली पाहिजे. कुठली पिन वर आणि कुठली खाली, हे काढतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा जोर, तोही पाळा.

पॅडचे कान जिथे क्लिपमध्ये सरकतात तिथे जागा वेगळी, काम वेगळं. तिथे रबर नाही, पण उष्णता आहे आणि पाण्याचा थेट मारा आहे. घाटात डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते, त्या शेजारी साधं ग्रीस वितळून वाहतं. सिरॅमिकची पेस्ट ह्या कामाची. आधी ब्रॅकेटवरचा गंज क्लिपखालून खरवडून काढा, मगच पेस्ट. पॅडच्या पाठीवर, पिस्टन आणि कॅलिपरची बोटं टेकतात तेवढ्याच जागी, पातळ थर दिला की कुईं-कुईं बरीच कमी होते. घासणाऱ्या बाजूला एक ठिपकाही नको. लागलाच तर पॅड टाकून द्या. मागच्या ड्रममध्येही हाच नियम: प्लेटवर जिथे शू (लायनर बसवलेली लोखंडी कमान) घासतो त्या उंचवट्यांवर जेमतेम चमक येईल इतकंच. लायनरने ग्रीस प्यायलं की तो कितीही जाळा, घासा, पूर्वीसारखा धरत नाही.

डब्यावर वाचायचं ते एवढंच

ग्रीस म्हणजे बहुधा साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. वंगणाचं काम तेल करतं, जाळी ते जागेवर राखते. त्यामुळे प्रश्न दोन: तेल कुठलं आणि जाळी कशाची. रंगावरून ह्यातलं काही कळत नाही. निळं, लाल, हिरवं हा कंपनीने घातलेला रंग आहे; ‘निळं ग्रीस भारी’ हे ऐकीव शास्त्र सोडून द्या. काळं असेल तर त्यात मोलिब्डेनम किंवा ग्राफाइट असण्याचा संभव आहे, तेवढाच काय तो अर्थ.

डब्यावरचा एनएलजीआय आकडा (ग्रीसच्या प्रमाणित श्रेणीचा नंबर) फक्त घट्टपणा सांगतो, दर्जा नाही. २५ अंश सेल्सिअसला ठरावीक वजनाचा शंकू पाच सेकंदांत ग्रीसमध्ये किती रुततो त्यावरून तो ठरतो. २ नंबरमध्ये २६.५ ते २९.५ मिलिमीटर, ३ नंबरमध्ये २२ ते २५. गाडीच्या बहुतेक कामांना २ नंबर. ‘एपी ३’ मधला ३ बहुधा हाच. ईपी म्हणजे जड दाबासाठीची द्रव्यं घातलेली आहेत. त्याचा रबराशी किंवा उष्णतेशी संबंध नाही.

जाळीचं थोडक्यात. साधं लिथियम साधारण १८० ते २०० अंशांदरम्यान पाघळून थेंब पडू लागतं, म्हणजे सतत काम करायची मर्यादा त्याच्या बरीच खाली. लिथियम कॉम्प्लेक्स २५० च्या पुढे टिकतं. जुन्या पद्धतीचं स्वस्त कॅल्शियम ग्रीस, जे दुकानात ‘चासी ग्रीस’ म्हणून मिळतं, ते पाण्याला चिवट पण साधारण ६० अंशांच्या वर कामाचं नाही. कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स पाणी, मीठ आणि उष्णता तिन्ही सोसतं. किनाऱ्यावरच्या, ओढ्या-पाणंदीतून जाणाऱ्या गाड्यांच्या ग्रीस भरायच्या निपलांना मी तेच सुचवेन, महाग असलं तरी.

आणि मिसळ करू नका. लिथियमच्या जागी पॉलियुरिया किंवा बेंटोनाइट मातीचं ग्रीस भरलं, तर दोन जाळ्या एकमेकींना मोडतात, ग्रीस पातळ होऊन सीलमधून गळतं, आणि दोष सीलवर जातो. जात बदलायची तर जुनं पूर्ण धुऊन काढा. निपलमधून भरत असाल तर जुनं बाहेर पडून नवं दिसेपर्यंत ग्रीस गन मारा.

एक्सल, हब आणि पाटे

एक्सलचा बूट फाटल्याची खूण रिमच्या आतल्या बाजूला दिसते: काळ्या ग्रीसचे गोल शिंतोडे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट आली तर सांध्याच्या गोळ्या झिजायला लागल्यात, तिथे नवं ग्रीस आवाज थोडे दिवस दाबेल एवढंच. आवाज नसताना बूट फाटलेला सापडला तर मात्र सांधा वाचतो. पूर्ण धुवायचा, वाळवायचा आणि मोलिब्डेनम घातलेलं एक्सलचं ग्रीस भरायचं. बुटाच्या किटमध्ये मोजून पाकीट दिलेलं असतं, ते अख्खं वापरा. आतल्या बाजूच्या, गिअरबॉक्सकडच्या सांध्याचं ग्रीस पुष्कळदा बाहेरच्यापेक्षा वेगळं असतं, तेव्हा पाकिटांची अदलाबदल टाळा. इथले बूट ईपीडीएमचे नसतात, खनिज तेल चालणाऱ्या रबराचे किंवा प्लॅस्टिकचे असतात. म्हणूनच ‘एक्सलला चाललं मग ब्रेकला का नाही’ हा वाद चुकीचा आहे.

हबच्या बेअरिंगबद्दल लोक सर्रास विचारतात की कितीने ग्रीसिंग करायचं. आजच्या बहुतेक कारना ते करताच येत नाही, बेअरिंग कायमचं बंद येतं. घूं-घूं सुरू झाली, वळणावर कमी-जास्त होऊ लागली, की बेअरिंग बदलायचं. जुन्या जीपसारख्या गाड्यांत मात्र टेपर रोलर बेअरिंग असतं, आणि तिथे काम हाताचं: तळव्यावर ग्रीसचा गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत-दाबत आणायची, रोलरांच्या मधून वरच्या बाजूने ग्रीस डोकावेपर्यंत. ब्रेकची उष्णता हबमध्ये उतरते, म्हणून लिथियम कॉम्प्लेक्स. हबची पोकळी गच्च भरू नका, तिसरा हिस्सा ते निम्मी पुरे. जास्त भरलं तर ते ढवळलं जाऊन तापतं आणि सील फोडून लायनरवर येतं.

पाट्यांच्या टोकांच्या शॅकल पिना, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) ह्यांना ईपी २ चांगलं. पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात गन मारा.

सस्पेंशनमधल्या स्टॅबिलायझर आणि लोअर आर्मचे रबरी बुश कुरकुरतात म्हणून त्यांवर ऑइल टाकलं जातं. दोन दिवस शांतता, मग रबर मऊ पडून बुशच संपतो. आवाज त्यातूनच येतोय का हे बघायला सिलिकॉन स्प्रे मारा. थांबला तर बुश बदलायची तयारी करा.

बाकी किरकोळ जागा

बॅटरीच्या टोकांवर निळसर-पांढरी भुकटी जमते. कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा घालून धुवा, वाळवा, क्लॅम्प घट्ट करा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली आणि मग क्लॅम्प असं नाही. हेडलाइटचे, सेन्सरचे प्लग पावसात त्रास देत असतील तर डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीस प्लगच्या रबरी कडेला. ते वीज वाहत नाही, पाणी अडवतं.

दाराच्या बिजागऱ्या आणि बॉनेटचं कुलूप ह्यांना पांढरं लिथियम. किल्लीच्या भोकात ग्रीस नको, धूळ धरून बसतं. ग्राफाइटची भुकटी फुंका. काचेच्या रबरी खाचेत सिलिकॉन स्प्रे, पण गाडी लवकरच रंगवायला जाणार असेल तर तोही नको, सिलिकॉन पत्र्यावर राहिला की रंगात डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात. डब्ल्यूडी-४० गंजलेला नट सोडवायला आणि पाणी हटवायला ठीक, ग्रीसची जागा ते घेत नाही.

समुद्राजवळच्या गाड्यांचे अलॉय व्हील हबला असे बसतात की लाथ मारल्याशिवाय निघत नाहीत. हबची मधली गोल कड साफ करून तिथे सिरॅमिक पेस्टचा पुसट हात फिरवा. चाकाच्या नट-बोल्टच्या आट्यांना मात्र काहीही लावू नका. मॅन्युअलमधला टॉर्क सहसा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो. वंगण लावलं तर तेवढ्याच पान्यात बोल्ट जास्त ताणला जातो.

काम स्वतः करत नसाल, तर गॅरेजला जाताना कॅलिपरच्या ग्रीसचं पाकीट आणि रबर किट सोबत न्या. ‘आम्ही सगळ्यांना हेच लावतो, काही होत नाही’ हे ऐकावं लागेल. वाद घालू नका. ‘दादा, पिनांना एवढं माझंच लावा, आणि रबर डिझेलमध्ये टाकू नका’ म्हणा, आणि काढलेले जुने बुश परत मागून घ्या. नव्याशेजारी ठेवून मिस्त्रीलाच दाखवा. नंतर महिन्याभराने तीच सपाट रस्त्यावरची तपासणी परत करा, आणि पावसाळा उलटल्यावर आणखी एकदा.